परत आलेला ससा

सोमवारी अकराच्या सुमारास कुरिअरवाला आला, पण रोजच्यासारखा ओरडला नाही. एरवी तो जिन्याखालूनच हाक मारायचा, "ससेताई, आज किती जीव धाडताय?" त्या दिवशी गुपचूप वर आला आणि एक खोका माझ्या हातात देऊन म्हणाला, "परत आलाय. तुमच्याकडचा पहिलाच ना हा?"

पहिलाच होता. दीड वर्षात माझ्या धाकट्या जावेच्या दुकानातून साडेतीनशेच्या वर लोकरीचे ससे बाहेर गेले, एकही परत आला नव्हता. खोका आमचाच होता. वर आमचा पत्ता कुणीतरी हातानं लिहिलेला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी नुसती एक आडवी रेघ. ती इतकी दाबून ओढली होती की कागद फाटला होता.

जावेनं कात्रीनं खोका उघडला. आत पांढरा ससा, राखाडी कानांचा, पोटाशी थोडा मळलेला. एक कान चोखून चोखून ताठ झालेला. डावा डोळा जागेवर होता, काळा, चकचकीत. उजव्या डोळ्याच्या जागी लोकरीत एक भोक होतं आणि त्याच्या भोवती वाळलेल्या गोंदाचं पिवळट कडं.

तिनं खोका उलटा करून आपटला. कागदाच्या कातरणात बोटं फिरवली. सशाचं पोट चाचपलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, डोळा कुठाय?"

डोळा नव्हता. चिठ्ठीही नव्हती. ज्या घरातून तो ससा आला तिथे हाताला लागेल ते तोंडात घालणारं मूल आहे, एवढं मात्र त्या कानाकडे बघून कुणीही सांगितलं असतं.

हे मी लिहायला बसले त्याला कारण आहे. आमच्या गल्लीतल्या दोघीतिघी मला सारख्या विचारतात, "तुमच्या जावेनं घरबसल्या ऑनलाइन दुकान कसं उभं केलं, आम्हालाही सांगा की." जावेला विचारलं तर ती हसते आणि सुईकडे बघते. माझी रोज वही लिहायची सवय आहे, देवापाशी बसून उठलं की चार ओळी. त्यामुळे तारखा माझ्याकडे आहेत. सगळं सांगते. फक्त तो सोमवार गाळून सांगा म्हणाल तर ते मला जमणार नाही.

जावेला घरात सगळे टापटीप म्हणतात. नाव सासूबाईंनी ठेवलं, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, आणि ते कौतुक होतं की टोमणा हे अजून कुणाला कळलेलं नाही. तिच्या कपाटातल्या टॉवेलांच्या घड्या सगळ्या एकाच तोंडाच्या. ओट्यावर पाण्याचा थेंब राहिला तर तिचा जेवणात जीव लागत नाही. भाऊजी म्हणतात, "मी एका जागी जास्त वेळ बसलो तर ही मलाही पुसून ठेवील." झालेली गोष्ट नजरेसमोर पडून राहिलेली तिला सोसत नाही. तिचा हा गुण लक्षात ठेवा.

पहिला ससा तिनं बहिणीच्या बाळासाठी विणला. बहिणीनं त्याचा फोटो फोनवर टाकला, तिच्या मैत्रिणी विचारायला लागल्या, आणि भाऊजींनी एक पेज उघडून दिलं. पुढचं तिचं तीच शिकली. दिव्याखाली फोटो काढला की लोकर आजारी दिसते, म्हणून सकाळी नऊ ते दहा खिडकीपाशी, खाली धुतलेली पांढरी उशीची खोळ. पहिल्या महिन्यात तीन जणींनी विचारलं आणि निघून गेल्या, कारण हिनं उत्तर संध्याकाळी दिलं. तेव्हापासून हात ओला असला तरी तासाभरात उत्तर. उंची किती, लोकर कुठली, धुवायचा कसा, हे कुणी विचारायच्या आधीच फोटोखाली लिहिलेलं असायचं. आठवड्याला आठ ससे होतात ना, मग ऑर्डरी सहाच घ्यायच्या, दोन सशांची जागा तापासर्दीसाठी मोकळी. हत्ती द्या, मांजर द्या म्हणणारे पुष्कळ आले. ती लिहायची, "मला ससा येतो. ससाच चांगला देईन." त्यातल्या निम्म्या जणी ससा घेऊन गेल्या.

सासूबाई कापूस भरायच्या, मी कान शिवायचे. खोका बंद करायच्या आधी मी त्याच्या झाकणावर हात ठेवून त्या घरातल्या मुलासाठी देवाला दोन शब्द सांगायचे. जाऊ मला सांगायची कुणाकडे जातोय, आणि मी वहीत लिहून ठेवायचे. 'जुळ्या मुली, समुद्राजवळचं गाव.' 'सात महिन्यांचा, अजून बसत नाही, आई काळजीत.' नाव-पत्ता नाही लिहायचे. देवाला पत्ता कशाला लागतो?

पार्सल पोचलं की तिकडून बाळाचा फोटो यायचा. जाऊ 'खूप आभार' लिहायची आणि तो सगळा संवाद फोनमधून पुसून टाकायची. रोज संध्याकाळी ओटा आवरला की फोन घेऊन बसायची आणि झालेल्या ऑर्डरी एकेक करून पुसायची. "काम झालं ना ताई, मग पसारा कशाला?" मी मनात म्हणायचे, केवढी शिस्त! त्याच दिवसांत मी वहीत तिचं कौतुकही लिहिलंय. ते पान आता उघडवत नाही.

आता डोळ्यांचं सांगते. पहिल्या अडीचशे सशांचे डोळे काळ्या दोऱ्याचे होते. चार टाके आडवे, दोन उभे. साधे, थोडे पेंगुळलेले. मग तिनं दुसऱ्या कुणाचं तरी पेज पाहिलं. तिथल्या अस्वलांना प्लास्टिकचे डोळे होते, काचेसारखे. फोटोत ते थेट तुमच्याकडे बघायचे. हिनं एका सशाला लावून पाहिले, आणि त्या एका फोटोवर आठवडाभर चौकशा येत राहिल्या.

सासूबाईंनी तो ससा हातात घेतला, चष्मा वर केला आणि खाली ठेवला. "या डोळ्यांत माया नाही गं. याला काहीतरी ठाऊक आहे आणि हा सांगत नाहीये, असा बघतो मेला."

"आई, लोकांना आवडतो."

"लोकांना आवडतो. बाळाला विचारलंस?"

"बाळ कुठे ऑर्डर देतं?" जाऊ हसून म्हणाली. आम्हीही हसलो.

त्या डोळ्याला मागे एक बारीक दांडी असते. ती लोकरीतून आत घालायची आणि आतून तिच्यावर एक चकती दाबून बसवायची. चकती एकदा बसली की कापल्याशिवाय डोळा निघत नाही. सुरुवातीच्या सशांना तिनं तशीच बसवली. मग डोळ्यांची नवी पिशवी आली आणि तिच्यातल्या चकत्या भलत्याच मापाच्या निघाल्या, दांडीवर गोल गोल फिरायच्या. विकणारा म्हणाला, दहा दिवसांत बदलून देतो. दहा दिवसांचा महिना झाला. इकडे सहाचा नियम कधीच मागे पडला होता, आठवड्याला आठही कमी पडत होते. थांबा, उशीर होईल, असं लिहायला तिची बोटं वळेनात.

तिनं गोंद आणला. दांडीला गोंद, चकतीला गोंद, वरून डोळ्याच्या कडेला गोंद. रात्रभर वाळवून मला म्हणाली, "ओढून बघा ताई." मी नख लावून ओढला. हलला नाही. मी म्हटलं, छान आहे.

मी कोरडा ओढला होता. बाळ ओला ओढतं.

त्या महिन्यात एकतीस ससे गोंदाच्या डोळ्यांचे गेले. नंतर बरोबर मापाच्या चकत्या आल्या आणि गोंदाची बाटली मागच्या फळीवर गेली. आम्ही ती विसरलो.

सोमवारच्या तीन आठवडे आधी माझ्या वहीत अशी नोंद आहे: 'सकाळी नव्या सशाच्या फोटोखाली एका आईनं लिहिलं होतं, डोळा हलतोय. दुपारी पाहिलं तर ते दिसलं नाही. विचारायचं राहून गेलं.' राहून गेलं हे खोटं आहे. देवासमोर लिहिते त्या वहीत मी खोटं लिहिलं. मी विचारलं नाही, कारण घरात चार दिवस बरे आले होते आणि मला ते मोडायचे नव्हते.

तर सोमवारी तो एका डोळ्याचा ससा टेबलावर बसवून आम्ही तिघी त्याच्याकडे बघत होतो. सासूबाई हळूच म्हणाल्या, "असे किती गेलेत?"

"एकतीस."

"कुणाकुणाकडे?"

जावेनं फोन उघडला. वर खाली बोट फिरवलं. आतमध्ये त्या आठवड्यातल्या चार ऑर्डरी होत्या, बाकी सगळं पुसलेलं. ओट्यासारखं लख्ख. आणखी तीस घरांत तीस ससे बाळांच्या उशाशी होते, आणि त्या घरांची नावं सांगणारं या घरात कुणी नव्हतं.

मंगळवारी कुरिअरवाल्याला बसवून घेतलं. तो म्हणाला, "त्या खोक्यावर तर गावही नाही. तुमच्या पावत्या तीन महिने असतात ऑफिसात, आणून देतो. पण ससेताई, तुम्ही घाईत नाव-गाव गिचमिड लिहिता, फोन नंबर कधी लिहिता कधी नाही. मी कितीदा म्हटलं." खरंच म्हटलं होतं. दुपारी त्यानं कार्बनच्या निळ्या पावत्यांचा गठ्ठा आणला. त्यातून एकोणीस नंबर वाचता आले.

जाऊ एकेक नंबर लावत गेली. नमस्कार-चमत्कार नाही. "तुमच्याकडचा ससा कुठाय? बाळाकडे? आधी काढून घ्या. आता कात्रीनं दोन्ही डोळे कापा. मी फोन ठेवत नाही, तुम्ही कापा." काही जणी घाबरल्या. काही चिडल्या. एक जण हसायला लागली, "अहो, एवढ्यासाठी फोन? तो तर चांगला घट्ट..." आणि गप्प झाली. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "ताई, हा माझ्या हातात आला."

जावेनं तो फोन ठेवला आणि पाणी प्यायली. पुढचा लावला.

माझी वही काढली. 'जुळ्या मुली, समुद्राजवळचं गाव' हे एका बिननंबराच्या पावतीशी जुळलं. त्या गावच्या कुरिअर ऑफिसला विचारलं तर तिथला माणूस जुळ्यांच्या आईला ओळखत होता. असेच आणखी तीन सापडले. एकूण तेवीस झाले. देवाला पत्ता लागत नाही म्हणून मी ऐटीत लिहीत नव्हते, आणि आता एकेका ओळीवर बोट ठेवून रडकुंडीला आले होते. 'गोड हसणारी मुलगी.' 'आजोबांनी घेतलेला.' यावरून कुणाला शोधणार?

बुधवारी जेवताना जाऊ म्हणाली, "मी पेजवर लिहिते."

भाऊजींचा घास हातातच राहिला. "काय लिहितेस?"

"खरं आहे ते. गोंद लावला होता म्हणून."

"तू वेडी आहेस का? आठ राहिलेत. दोनचार दिवसांत सापडतील कसेतरी. पेजवर टाकलंस तर साडेतीनशे घरांत बोंब होईल. दुकान गेलं म्हणून समज. दीड वर्ष डोळे फोडून उभं केलंस ते."

"डोळे फोडून," सासूबाई म्हणाल्या. "बोलतोस तरी काय, कळतंय का तुला?"

भाऊजी वरमले. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा हिला." मी म्हटलं, "मी तीन आठवड्यांपूर्वी सांगायला हवं होतं भाऊजी, आता मला तोंड नाही." तेव्हा जावेनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच ताटाकडे बघायला लागली. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता ती खिडकीपाशी गेली. पांढरी खोळ अंथरली. त्याच चांगल्या उजेडात तिनं तो एका डोळ्याचा ससा बसवला आणि फोटो काढला. आजवरच्या तिच्या सगळ्या फोटोंत तो सगळ्यात स्वच्छ आला. भोक स्पष्ट दिसत होतं. खाली तिनं लिहिलं: 'या महिन्यांत माझ्याकडून चकचकीत डोळ्यांचा ससा घेतला असेल तर तो आत्ता बाळापासून दूर करा. मी डोळे गोंदानं चिकटवले होते. ते निघतात. चूक माझी आहे. हा ससा कुणी परत पाठवला मला माहीत नाही. कृपा करून मला फोन करा. याचा डोळा सापडला का, एवढंच सांगा.' कुठले महिने ते लिहिलं, आपला नंबर लिहिला.

भाऊजी म्हणाले तसंच झालं. तासाभरात लोक तुटून पडले. ज्यांनी कधी ससा घेतला नव्हता तेही. एकीनं लिहिलं, 'तुम्हाला मुलंबाळं नसतील.' जावेला नाहीत. तिनं ते वाचलं, पण पुसलं नाही. दुसरीनं लिहिलं, 'खरं बोललात म्हणून ससा ठेवते, डोळे शिवून द्याल का?' आणि या सगळ्या गदारोळातून खऱ्या आयाही बोलत होत्या. चोवीस. सव्वीस. एकीच्या सशाचे दोन्ही डोळे सोफ्याखाली सापडले. शुक्रवारी सकाळी एकोणतीस. संध्याकाळी तीस.

तिसांपैकी कुणीही ससा परत पाठवलेला नव्हता.

शनिवारी सकाळी देवापाशी बसले, पण मन लागेना. टेबलावर डोळ्यांची बरणी होती. त्यात उरलेले सगळे डोळे माझ्याकडे बघत होते. मी बरणीवर फडकं टाकलं आणि जावेच्या खोलीत गेले. ती लोकरीच्या लडी रंगाप्रमाणे लावत होती. लावलेल्याच लडी पुन्हा काढून पुन्हा लावत होती.

"एकच राहिली गं," मी म्हटलं. "जिनं परत पाठवला ती. तिनं पेज बघितलं कसं नाही? एवढी बोंब झाली."

तिनं एक लड काढली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"अगं, ऐकतेस ना?"

"तिला दिसणार नाही," ती म्हणाली.

"का?"

तिनं फोन उघडला, दोनचार ठिकाणी बोट दाबलं आणि माझ्यापुढे धरला. एक यादी होती, ब्लॉक केलेल्या लोकांची. यादीत एकच नाव. एका बाईचा छोटासा गोल फोटो, कडेवर बाळ.

"हिनंच लिहिलं होतं, डोळा हलतोय म्हणून. मी ते काढून टाकलं. तिनं मेसेज केला, तोही पुसला. पुन्हा लिहील म्हणून दार लावून टाकलं." तिचा आवाज सपाट होता. "सोमवारी खोका उघडला तेव्हाच मला वाटलं होतं, हीच असणार. म्हटलं, नसेल. म्हटलं, आधी बाकीच्या सापडू देत."

सोमवार ते शनिवार. मी बोटांवर दिवस मोजले आणि तिला बोलायला तोंड उघडलं. मग माझ्या वहीतली ती ओळ आठवली, 'विचारायचं राहून गेलं'. मी तोंड मिटलं. म्हटलं, "लाव फोन."

तिनं ब्लॉक काढला आणि पेजवरूनच फोन लावला. तीनदा वाजून वाजून बंद झाला. चौथ्या वेळी उचलला. पलीकडची बाई थकलेली होती. "आता का फोन केलात?"

"ताई, मी सशाच्या दुकानातून..."

"माहितीये. मी तुम्हाला लिहिलं होतं. तुम्ही मला काढून टाकलंत. मग एक दिवस डोळाच नाहीसा झाला. काय बोलायचं तुमच्याशी? धाडून दिला."

"डोळा सापडला का?"

"नाही. झाडताना गेला असेल. हे बघा, मला वेळ नाही, बाळ आजारी आहे."

आणि तेव्हा ते ऐकू आलं. जावेनं फोन मोठ्यावर लावला होता. खोकला होता, पण सर्दीचा ओला खोकला नव्हता. कोरडा, आखूड, आणि त्याच्या शेवटी बारीक शीळ, चहाची किटली उकळायच्या आधी वाजते तशी.

जावेनं विचारलं, "खोकला कधीपासून आहे?"

"झाले दहा दिवस. डॉक्टरांनी औषध दिलंय, सर्दी आहे म्हणाले."

"आणि डोळा कधी गेला?"

पलीकडून पुन्हा तो खोकला, पुन्हा शीळ. मग त्या बाईनं एकच शब्द उच्चारला, "देवा."

"ताई, मोठ्या दवाखान्यात जा. आत्ता. डॉक्टरांना सशाच्या डोळ्याचं सांगा. मी तसाच दुसरा डोळा घेऊन येते." जावेनं बाहेर येऊन बरणीवरचं फडकं ओढलं, त्याच पिशवीतला एक डोळा पाकिटात घातला आणि भाऊजींना हाक मारली. भाऊजी गाडीची किल्ली घेऊन आधीच दारात उभे होते. दोन तासांची वाट होती.

घरात मी आणि सासूबाई उरलो. मी देवापाशी बसले, पण शब्द सुचेनात. एवढी वर्षं रोज बोलते, त्या दिवशी तोंडाला कुलूप. मी झाकणावर हात ठेवून ज्या मुलासाठी मागितलं होतं, त्याच मुलाच्या खोक्यात ते आम्हीच भरून दिलं होतं. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. बरणी त्यांच्या मांडीवर होती. तिचं झाकण घट्ट लावून त्या म्हणाल्या, "तू बस नुसती. त्याला कळतं."

चार वाजून दहा मिनिटांनी भाऊजींचा फोन आला. "निघाला, वहिनी."

छातीच्या फोटोत काहीच दिसत नव्हतं म्हणे, प्लास्टिक त्यात दिसत नाही. डॉक्टरांनी जावेनं नेलेला डोळा चिमटीत धरला, त्याची दांडी बघितली, आणि नळी घालून बघायचं ठरवलं. उजव्या बाजूच्या श्वासाच्या नळीत तो आडवा बसला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दोनचार दिवस गेले असते तर मी काही सांगू शकलो नसतो. बाळ आता बरं आहे. हे मी जाणूनबुजून लगेच लिहिते, कारण वाचणाऱ्या आयांचा जीव टांगून ठेवायचा मला हक्क नाही.

जाऊ त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. बाईच म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं." रागावली नाही, ओरडली नाही. तेवढंच म्हणाली आणि आत गेली. परतीच्या वाटेवर जाऊ दोन तास एकच वाक्य म्हणत होती, असं भाऊजींनी मला नंतर सांगितलं. "तिनं सांगितलं होतं."

आता दुकान कसं चालतं, ते विचारता ना, तर असं चालतं. डोळे पुन्हा दोऱ्याचे. एक जाड वही टेबलाला दोरीनं बांधलेली, तिच्यात प्रत्येक सशाचा नंबर, तो कुणाकडे गेला, फोन, कुठल्या पिशवीतली लोकर, कुठल्या दिवशी शिवला. खोक्यातल्या चिठ्ठीवर तोच नंबर. प्रत्येक नव्या खेपेतला एक ससा घरात राहतो, तो विकायचा नाही. कच्चा माल बदलला की आधी घरात महिनाभर वापरायचा. उशीर होणार असेल तर उशीर होईल असं लिहायचं, जातील त्यांना जाऊ द्यायचं. फोनमधलं काहीही पुसायचं नाही. तक्रार आली की हातातली सुई खाली ठेवून आधी तिला फोन करायचा. आणि खोका बंद करण्याआधी सासूबाई ससा पाण्यात बुडवतात आणि कान, हात, शेपूट दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढतात. मग वाळवायचा. त्यात दोन दिवस जातात. "मी बाळाहून दांडगी आहे," त्या म्हणतात. मी अजून झाकणावर हात ठेवते, पण ते सगळं झाल्यावर.

ऑर्डरी निम्म्याहून कमी आहेत. कुरिअरवाला खालून हाक मारतो, पण किती जीव धाडताय असं आता विचारत नाही. नुसतं "ससेताई, आलो" म्हणतो. तो खोका घेऊन वर येताना दिसला की आम्ही तिघीही हातातलं काम थांबवून त्याच्या हाताकडे बघतो.

महिन्याभरानं त्या बाईनं पेजवर, एका डोळ्याच्या सशाच्या फोटोखाली, पुन्हा लिहिलं: 'मी तीन आठवडे आधी सांगितलं होतं.' जावेनं ते सगळ्यात वर लावून ठेवलंय. दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला आधी ते दिसतं, मग ससे. भाऊजी एकदा म्हणाले, आता काढ, पुष्कळ झालं. तिनं काढलं नाही. संध्याकाळी ओटा आवरला की अजूनही ती फोन घेऊन बसते. ते वाक्य उघडते, अंगठा त्याच्या जवळ नेते, एकदा वाचते आणि फोन पालथा ठेवते.